केळीची टिश्यू कल्चर रोपं कमी खर्चात: काटकसर नेमकी कुठे करायची?

केळीगट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लहान शेतकऱ्यांचा गट आहे. सगळ्यांची मिळून वर्षाला साधारण ५,००० रोपं लागतात. विकत घेण्याऐवजी गटानेच टिश्यू कल्चर (कोंबाच्या तुकड्यापासून निर्जंतुक बरणीत रोपं वाढवणं) करावं असा विचार आहे. जवळ दोन खोल्या, २२ लिटरचा प्रेशर कुकर, ४०० मिलीच्या काचेच्या बरण्या आणि काचेची एक बंद पेटी आहे. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या, जंतुमुक्त हवेचं कामाचं टेबल) नाही.

पहिल्या खेपेला ४० बरण्या भरल्या. २६ खराब झाल्या. काहींत चौथ्या दिवशी पांढरी कापसासारखी बुरशी, तर काही तीन आठवडे स्वच्छ राहून मग कोंबाच्या बुडाशी दुधाळ वलय. उरलेल्यांपैकी निम्मे कोंब काळे पडले.

प्रश्न असे:
माध्यम (बरणीतलं कोंबाचं खाद्य) घट्ट करायला अगरऐवजी इसबगोल किंवा स्टार्च चालेल का?
लॅमिनारशिवाय होतं का?
मुनव्यांपासून (केळीच्या बुडाशी येणाऱ्या पिल्लांपासून) ५,००० रोपांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो?
आणि कुठे पैसे वाचवले तर अंगाशी येतं?

---

बरणी_आणि_चिमटा

आधी खराब बरण्यांचं बघू, कारण त्याच तुम्हाला चूक कुठे झाली ते सांगतात. बरणी उजेडात धरा आणि घाण *कुठून* सुरू झाली ते पाहा.

माध्यमाच्या पृष्ठभागावर, कोंबापासून लांब, एकटा गोल ठिपका आणि तो ३ ते ७ दिवसांत कापसासारखा पसरला, तर ती हवेतून पडलेली बुरशी. पेटीत काम करताना झाकण जास्त वेळ उघडं राहिलं किंवा हात बरणीच्या तोंडावरून गेला. एका खेपेतल्या सगळ्याच बरण्या, कोंब न घातलेल्यासुद्धा, बिघडल्या तर दोष कुकरचा. झाकणाच्या कडेने आत उतरणारी बुरशी म्हणजे झाकण ओलं झालं होतं किंवा मांडणीवर कोळी-मुंग्या फिरतात. आणि तुमचं ते दुधाळ वलय, कोंबाच्या बुडाला चिकटून, उशिरा आलेलं: ते जिवाणू बाहेरून आले नाहीत, कंदाच्या आतच होते. ब्लीचमध्ये कितीही वेळ ठेवलं तरी ते मरत नाहीत, कारण ब्लीच तिथवर पोचतच नाही.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा.

हवेतल्या बुरशीसाठी: काचेची पेटी चालते, फक्त तिच्यात हवा हलता कामा नये. खोलीतला पंखा बंद, दार बंद. पेटी आतून ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि मग १५-२० मिनिटं तिला हात लावू नका. धूळ खाली बसायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक जण नेमका हाच वेळ वाचवतात. ९५ टक्के अल्कोहोल जास्त प्रभावी असं वाटतं, पण ते जिवाणू मरायच्या आत उडून जातं. ७० टक्केच वापरा. बंद पेटीत दिवा अजिबात नको. अल्कोहोलची वाफ साचलेली असते, भडका उडतो. त्याऐवजी चिमटे आणि सुरीची पाती फॉइलमध्ये गुंडाळून कुकरमध्ये निर्जंतुक करा, १०-१५ जोड तयार ठेवा आणि दोन-तीन बरण्यांनंतर नवा जोड उघडा.

माध्यम भरलेल्या बरण्या लगेच वापरू नका. ५ ते ७ दिवस तशाच ठेवा. कुकरमधून सुटलेली घाण तेवढ्यात उगवून दिसते आणि चांगला कोंब वाया जात नाही.

कुकरबद्दल: १५ पौंड दाबाला, ४० मिली माध्यम असलेल्या बरणीला २० मिनिटं. वेळ मोजायची ती पूर्ण दाब आल्यावर. झाकणं सैल ठेवून घाला आणि दाब आपोआप उतरू द्या. घाई करून वाफ सोडली की माध्यम उकळून झाकणाला लागतं, आणि त्या ओल्या कडेवरूनच पुढे बुरशी आत शिरते. झाकणं पॉलिप्रॉपिलीनची हवीत. साधं पॉलिथीन वितळतं.

आतल्या जिवाणूंसाठी तयारी बरणीच्या आधी सुरू होते. निवडलेले मुनवे ४ ते ६ आठवडे पिशवीत, आडोशाला वाढवा. पाणी बुडाशीच द्या, वरून नको, ओलं शेणखत नको. भर पावसात काढलेल्या मुनव्यांत आतली घाण जास्त असते. मग कोंब लहान घ्या: शेवटचा तुकडा १ सेंटिमीटरच्या आसपास. जेवढा कंद जास्त, तेवढे जिवाणू जास्त. अँटिबायोटिकने ते दबतात, मरत नाहीत; औषध काढलं की परत येतात, आणि तोवर तुम्ही एका घाणेरड्या कोंबाचे शंभर केलेले असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या कापणीला (कोंब चिरून नव्या बरण्यांत वाटण्याच्या फेरीला) बुडाची पातळ चकती काढून चाचणी माध्यमावर ठेवा: लिटरला साखर १० ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट अर्क ३ ग्रॅम, अगर ७ ग्रॅम. आठवड्यात चकतीभोवती ढग दिसला तर त्या कोंबाची पूर्ण ओळ, म्हणजे त्यापासून झालेले सगळे कोंब, काढून टाका. बिघडलेली बरणी उघडायची नाही. बंदच कुकरमध्ये ३० मिनिटं, मग धुवायची.

---

कंदमूळ

वरच्या उत्तराला जोडून, सुरुवातीच्या धुण्याचा आणि काळं पडण्याचा मुद्दा.

मुनवा तलवारीसारख्या अरुंद पानांचा घ्या, ४० ते १०० सेंटिमीटर उंचीचा. रुंद पानांचे पाणमुनवे नकोत. मुळं आणि बाहेरची आवरणं काढून ३-४ सेंटिमीटरचा ठोकळा करा. साबणाच्या पाण्यात धुवा, वाहत्या पाण्याखाली अर्धा तास. ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट. मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, त्यात भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब, २० मिनिटं हलवत. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग ब्लीचला ४ भाग पाणी. बाटली जुनी किंवा उन्हात ठेवलेली असेल तर लेबलावरच्या टक्क्यांवर विसंबू नका, ताकद उतरते. पेटीत निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवून, बाहेरचे भाजलेले थर कापून, १ ते १.५ सेंटिमीटरचा तुकडा बरणीत ठेवा. मर्क्युरिक क्लोराइडच्या वाटेला जाऊ नका. त्यात पारा आहे आणि ते धुवून टाकायला तुमच्याकडे सुरक्षित जागा नसणार.

काळं पडतं ते कापल्यावर सुटणाऱ्या फिनॉल नावाच्या रसायनांमुळे. हवेत ती तपकिरी होतात, माध्यमात साचतात आणि कोंबालाच विष होतात. कापलेले तुकडे उघडे ठेवू नका; लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि तेवढंच सायट्रिक ॲसिड घातलेल्या निर्जंतुक पाण्यात बुडवून ठेवा. पहिला आठवडा अंधारात. आणि मुख्य म्हणजे पहिले तीन आठवडे दर ५-७ दिवसांनी, माध्यम तपकिरी दिसलं की कोंब ताज्या बरणीत हलवा. प्रत्येक वेळी काळी कड पातळ कापा. हलवायचा कंटाळा केला म्हणूनच अर्धे कोंब मरतात. कोळशाची पूड या टप्प्यावर नको. ती फिनॉल शोषते तशी बीएपीही (कोंब फुटवणारं संप्रेरक) शोषते.

चार आठवड्यांनी कोंब फुगून हिरवा झाला की त्याला मधोमध, शेंड्यातून उभा चिरा. दोन किंवा चार फाका. शेंडा शाबूत राहिला तर एकच रोप उंच वाढत राहतं, बाजूचे डोळे जागे होत नाहीत.

---

माध्यम_वही

इसबगोल आणि बाकी काटकसरीवर.

वाढीचं माध्यम एमएस म्हणजे मुराशिगे-स्कूग, १९६२ पासून चालत आलेलं. तयार पूड लिटरला साधारण ४.४ ग्रॅम लागते. क्षार सुटे घेतले तर खूप स्वस्त पडतं. मुख्य क्षारांचं २० पट द्रावण, १ लिटर:

अमोनियम नायट्रेट ३३ ग्रॅम
पोटॅशियम नायट्रेट ३८ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट (७ पाणी) ७.४ ग्रॅम
पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.४ ग्रॅम

कॅल्शियम क्लोराइड (२ पाणी) ८.८ ग्रॅम वेगळ्या बाटलीत, तेही १ लिटरला. घट्ट द्रावणात कॅल्शियम, फॉस्फेट आणि सल्फेट एकत्र आले की पांढरा साका बसतो. तो कोंबाला मिळत नाही आणि पुन्हा विरघळतही नाही. १ लिटर माध्यमाला दोन्हीतून ५०-५० मिली, आणि ते भरपूर पाण्यात एकामागून एक. लोहासाठी फेरस सल्फेट २७.८ मिलिग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए ३७.३ मिलिग्रॅम प्रति लिटर. याचंही द्रावण वेगळं, गडद बाटलीत. सूक्ष्म क्षार आणि जीवनसत्त्वं तयार घ्या. मिलिग्रॅमचे अंश तोलणारा काटा नसताना ती घरी तोलायला जाऊ नका.

बीएपी: १०० मिलिग्रॅम, १ नॉर्मल (1N) ताकदीच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवून १०० मिली करा. म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. वाढीच्या टप्प्याला लिटरला ३ ते ५ मिली. ५ च्या वर जाऊ नका, का ते पुढे कोणीतरी लिहीलच. साखर ३० ग्रॅम. सामू (pH) ५.८, अगर घालण्याआधी जुळवायचा. अरुंद पल्ल्याच्या सामू-पट्ट्या पुरतात. सामू ५ च्या खाली गेला तर अगर धरत नाही, पातळ राहतो.

आता काय बदलता येतं:

शुद्ध सुक्रोजऐवजी स्वयंपाकाची पांढरी साखर, बिनधास्त. डिस्टिल्ड पाण्याऐवजी आरओचं किंवा स्वच्छ गाळलेलं पावसाचं पाणी. बोअरचं पाणी उकळून चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात पण विरघळलेले क्षार बहुतांशी राहतात आणि सामू वर ओढतात.

अगरऐवजी इसबगोल चालतं, लिटरला ३० ग्रॅम भुसा. अडचण गुठळ्यांची. भुसा आधी कोरड्या साखरेत मिसळा, मग थंड माध्यमात सतत ढवळत भुरभुरवा आणि फुगायच्या आत बरण्यांत भरा. गरम माध्यमात टाकलात तर वर साय धरते आणि खाली पाणी. स्टार्चने पैसे वाचतात पण माध्यम दुधी होतं, आणि मग तेच बुडाचं दुधाळ वलय दिसत नाही. नव्या माणसाला बरणीच्या आरपार दिसणं अगरच्या किमतीपेक्षा मोलाचं आहे. म्हणून सुरुवातीच्या टप्प्याला अगर, वाढीला इसबगोल, असं माझं मत.

मुळं फुटण्याच्या टप्प्याला तर जेलच नको. निम्म्या ताकदीचे मुख्य क्षार, बीएपी शून्य, आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) लिटरला १ मिलिग्रॅम. असं पातळ माध्यम बरणीत अर्धा सेंटिमीटर, कोंब अर्धे बाहेर. खोल भरलं तर पानं काचेसारखी पारदर्शक आणि ठिसूळ होतात, अशी रोपं बाहेर जगत नाहीत. केळीला मुळं सहज फुटतात. ३-४ सेंटिमीटरचे कोंब थेट ओल्या कोकोपीटमध्ये लावूनही फुटतात, फक्त दमटपणा कडक सांभाळावा लागतो.

उजेड: २,००० ते ३,००० लक्स, १६ तास. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीचा उजेड चालतो, पण तापमान २५ ते २८ हवं. उन्हाची तिरीप बरणीवर आली की आत भट्टी होते.

---

मातृबाग

शेवटच्या प्रश्नावर मला स्पष्ट बोलायचंय. जेल, साखर, पाणी, उजेड, बरण्या: इथे वाचवा. तीन ठिकाणी नाही. मातृझाडाची (ज्याचा मुनवा घेतला त्या झाडाची) विषाणू चाचणी, बीएपीची मर्यादा आणि कापण्यांची संख्या.

टिश्यू कल्चर रोप रोगमुक्त असतं हा समज अर्धाच खरा आहे. कोंब नीट घेतला तर सूत्रकृमी, कंदातला सोंडकिडा आणि मर रोगाची बुरशी बरणीत येत नाहीत. विषाणू येतात. पर्णगुच्छाचा विषाणू मुनव्यातून बरणीत, बरणीतून शेकडो रोपांत जातो आणि बरणीत रोप ठणठणीत दिसू शकतं. एक आजारी मुनवा शेतात एक झाड घालवतो. तोच बरणीत गेला तर सबंध गटाच्या बागा. म्हणून प्रत्येक मातृझाडाच्या पानाची एलायझा किंवा पीसीआर चाचणी आधी, आणि बरणीतल्या प्रत्येक ओळीचा नमुना नंतर. देठावर गडद हिरव्या तुटक रेषा, पानं अरुंद, ताठ आणि शेंड्याला गुच्छ झालेली, अशी झाडं असलेल्या बागेतून निरोगी दिसणारा मुनवाही घेऊ नका.

ज्या वाणांत बी जनुकसंच आहे, उदाहरणार्थ एएबी गटातले, त्यांत केळीच्या रेषा विषाणूचा अंश काही वाणांच्या जनुकांतच बसलेला असतो. तो टिश्यू कल्चरच्या ताणाने जागा होऊ शकतो. मातृझाडाची चाचणी स्वच्छ आली तरी अशा वाणांची रोपवाटिकेत पुन्हा चाचणी करा. कॅव्हेंडिश गट (ग्रँड नैनसारखे वाण) एएए आहे, तिथे ही भीती नाही. सुरुवात त्यानेच करा.

आता कापण्या. जास्त बीएपी आणि जास्त वेळा कापणं यातून विचित्र रोपं निघतात. कॅव्हेंडिशमध्ये सर्वांत जास्त दिसतं ते खुजेपण: देठ आखूड, पान लांबीच्या मानाने रुंद, पानं एकावर एक दाटलेली. दुसरा प्रकार जाड, रबरासारखी, डागाळ पानं. एका कोंबापासून १,००० च्या आत थांबा.

हिशेब करू. दर ४ आठवड्यांनी सरासरी तिप्पट धरली तर सहा कापण्यांत एकाचे ७२९. बरणीत १० टक्के, हार्डनिंगमध्ये (बरणीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावताना) १५ टक्के आणि विचित्र रोपं ३ टक्के गेली तर ५,००० साठी साधारण ६,७५० कोंब हवेत. म्हणजे १० चांगले, तग धरलेले कोंब. निम्मे सुरुवातीलाच जातील असं धरून २० मुनवे. वेळ: सुरुवात ६ आठवडे, सहा कापण्या २४, मुळं ४, पहिलं हार्डनिंग ५, दुसरं ६ ते ८. म्हणजे ४५ ते ४७ आठवडे. लागवडीच्या तारखेपासून उलटं मोजा.

आणि हेही मोजा. शेवटच्या कापणीआधी १० कोंबांचे झालेले २,४३० कोंब बरणीत ४ प्रमाणे ठेवायचे म्हणजे ६०८ बरण्या, २४ लिटर माध्यम. तुमच्या कुकरमध्ये एका वेळी १२ बरण्या मावतात असं धरलं तर ५१ खेपा. एका खेपेला चढणं-उतरणं धरून दीड तास. हे सगळं एका महिन्यात. माध्यमाची किंमत कितीही खाली आणली तरी तुमची गाडी या कुकरपाशी अडणार आहे.

---

केळीगट

कुकरचा हिशेब आम्ही केलाच नव्हता. मग असं करता येईल का, की चाचणी झालेले वाढीच्या टप्प्यातले कोंब प्रयोगशाळेतून बरणीसकट घ्यायचे आणि मुळं व हार्डनिंग गटाने करायचं? हार्डनिंगमध्ये निम्मी रोपं मरतात असं ऐकतो, ते खरं का? आणि ज्यांना फक्त १००-२०० रोपं हवीत त्यांनी काय करावं?

---

शेडनेट_सकाळ

हो, लहान गटासाठी तीच वाटणी बरोबर. विषाणू चाचणी आणि कापण्या ज्यांच्याकडे साधनं आहेत त्यांनी कराव्यात. मुळं आणि हार्डनिंगला मुख्यतः माणसाची नजर लागते, ती तुमच्याकडे आहे. फक्त घेताना तीन गोष्टी लेखी मागा: चाचणीचा अहवाल, कापणी क्रमांक आणि मातृझाडाचा क्रमांक.

निम्मी मरतात, पण ती मरायलाच हवीत असं नाही. बरणीतल्या पानावर मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि पर्णरंध्रं बंद होत नाहीत. मुळांना केसमुळं नसतात. म्हणजे पाणी बाहेर सांडत असतं आणि आत येत नसतं. पहिले दहा दिवस सगळं काम एवढंच, की सांडणं थांबवायचं.

रोपं कोमट पाण्यात धुवा, मुळांना चिकटलेलं जेल पूर्ण निघेपर्यंत. जेलमधली साखर राहिली की तिसऱ्या दिवशी बुरशी खोडाशी चढते, आणि मग लोक दोष कोकोपीटला देतात. उंचीप्रमाणे तीन गट करा. लहान रोपं मोठ्यांच्या सावलीत कुजतात. कोकोपीट दोन-तीनदा बुडवून, निथळून धुतलेलं. मूठ दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पाणी गळू नये.

७५ टक्के शेडनेटखाली ६० सेंटिमीटर उंचीचा पॉलिथीनचा बोगदा. ७ ते १० दिवस बंद. आतल्या बाजूला दंव दिसायला हवं. दुपारी ते नाहीसं झालं तर फवारा. आत ३५ अंशांच्या वर जाऊ लागलं तर बोगदा उघडू नका, वरची सावली वाढवा. दहाव्या दिवसापासून सकाळी अर्धा तास उघडा, रोज थोडं वाढवत २१ व्या दिवशी पूर्ण काढा. बरणीतली पानं हळूहळू पिवळी पडून जातील, त्यांना घाबरू नका. बघायचं ते नवं पान. मधली सुरळी उघडून निबर, जरा खरखरीत पान आलं की रोप तगलं. खत तोवर नाही. त्यानंतर १९:१९:१९, लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पाचव्या आठवड्यात पिशवीत. इथे एक चूक सगळी मेहनत घालवते: पिशवीत केळीच्या शेतातली माती. बरणीतून मर आणि सूत्रकृमी टाळून आणलेलं रोप पुन्हा त्यांच्याच घरात बसवल्यासारखं होतं. ज्या शेतात केळी कधी झाली नाही तिथली माती घ्या, आणि तीही ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात ४ ते ६ आठवडे तापवा. माती, वाळू, कुजलेलं कंपोस्ट सारख्या भागांत. भोवती मावा शिरणार नाही अशी ४०-५० मेशची जाळी, कारण पर्णगुच्छ मावाच आणतो. ५० टक्के सावली, शेवटच्या दोन आठवड्यांत तीही कमी करत जा. ३० सेंटिमीटर उंची आणि ५-६ पानं झाली की शेतात. खुजी आणि रबरी पानांची रोपं याच वेळी पिशवीतून काढून टाका, शेतात ती ओळखेपर्यंत निम्मं वर्ष जातं.

१००-२०० रोपांसाठी बरणीच नको. कंद तासून कोंब फोडायची पद्धत करा. निरोगी झाडाचा किंवा मोठ्या मुनव्याचा कंद घ्या, मुळं आणि बाहेरचा थर पांढरा गर दिसेपर्यंत तासा. तपकिरी बोगदे किंवा लालसर ठिपके दिसले तर तो कंद बाद. उकळत्या पाण्यात ३० सेकंद धरा, सोंडकिडा आणि सूत्रकृमींसाठी. पानांची आवरणं एकेक करून, बुडाला दोन मिलिमीटर ठेवून काढा, म्हणजे प्रत्येक आवरणाच्या काखेतला डोळा उघडा पडतो. शेवटी शेंड्यावर सुरीने फुलीसारखा छेद देऊन वाढीचा बिंदू मोडा. सावलीत एक दिवस सुकू द्या. वाफवलेल्या ओल्या लाकडी भुशात पुरा, वर २-३ सेंटिमीटर भुसा, त्यावर प्लास्टिकचा बोगदा. तीन-चार आठवड्यांत कोंब वर येतात. दोन पानं झाली की प्रत्येक कोंब बुडाशी कापून त्यालाही फुली द्या. दुसरी फूट जास्त मोठी असते. तीन पानांचे, मुळं धरलेले कोंब कंदाच्या तुकड्यासह कापून पिशवीत.

चार-पाच महिन्यांत एका कंदापासून २० ते ५० रोपं धरा. विषाणूचा नियम इथेही तोच: उकळतं पाणी किडा मारतं, पर्णगुच्छ नाही. चाचणी केलेल्या झाडाचाच कंद घ्या.

---

बरणी_आणि_चिमटा

एक राहिलं. तुमच्या ४० पैकी ज्या १४ बरण्या बुरशी-जिवाणूपासून वाचल्या, त्यांत अजून हिरवे असलेले कोंब फेकू नका. प्रत्येकावर मुनव्याचा क्रमांक आणि कापणीची तारीख लिहा, बुडाची चकती चाचणी माध्यमावर ठेवा आणि जमलं तर त्या मातृझाडांची पानं या आठवड्यात चाचणीला पाठवा. नोंद नसलेला कोंब कितीही तरतरीत दिसला तरी तो पुढे वाढवू नका.